सहा तासांत आठशे वर्षं

आईबाबा लंडनमध्ये हॅरोला आमच्याकडे आले त्याच्या दुसऱ्याच पहाटे साडेतीन वाजता बाबांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. मी पाणी प्यायला उठलो होतो. ते जेटलॅगमुळे टक्क जागे. अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी, महिना एप्रिल.

"केंब्रिजला कधी जायचं?"

"जाऊ की एखाद्या शनिवारी," मी म्हणालो आणि झोपायला गेलो.

लंडनहून केंब्रिज रेल्वेने पन्नास मिनिटं. माणसं तिथून रोज नोकरीला ये-जा करतात. आम्हाला फक्त एकदा जाऊन परत यायचं होतं. त्याला अकरा आठवडे लागले.

यात बाबांची चूक काहीच नाही. त्यांनी चौतीस वर्षं दापोलीत गणित शिकवलं. दापोली तालुक्यात आंजर्ल्याजवळ मुरडी नावाचं लहानसं गाव आहे. तिथे १८७६ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे जन्मले, आणि १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिले आले. म्हणजे सीनियर रँग्लर (पहिल्या वर्गात येणारे सगळे रँग्लर, त्यांतला पहिला तो सीनियर), आणि तेही पहिले भारतीय. तेव्हापासून मराठीत 'रँग्लर' हा शब्द 'डॉक्टर'सारखा नावाच्या आधी बसला तो बसलाच. त्याचा अर्थ काय हे शंभरातल्या नव्वदांना माहीत नसतं, पण ऐकल्याबरोबर सगळे जरा सावरून बसतात. बाबांच्या वर्गात वर्षाचा पहिला तास मुरडी ते केंब्रिज या प्रवासाचा असायचा. फळ्यावर नकाशा, नकाशात मुरडीचा ठिपका लंडनपेक्षा मोठा. परांजप्यांचा पहिला नंबर एका इंग्रज मुलाबरोबर विभागून होता, हेही ते सांगायचे. प्रामाणिक माणूस. फक्त ते वाक्य फळा पुसता पुसता यायचं.

त्याच तासाला लाकडी डावाची गोष्टही यायची. केंब्रिजला त्या काळी निकाल गुणांच्या क्रमाने लागायचा आणि ऑनर्समधून जो सगळ्यांत शेवटी काठावर पास व्हायचा, त्याला पदवी घेताना पोरं वरच्या सज्जातून दोरीने लाकडी चमचा सोडायची. पुढे पुढे तो चमचा केवढा वाढला! १९०९ साली शेवटचा दिला गेला तो मीटरभराहून लांब, वल्ह्यासारखा. त्यानंतर क्रमवार निकालच बंद झाले आणि चमचाही. बाबा चमचा म्हणत नसत, 'डाव' म्हणत. "चमच्याने औषध घेतात. हा ढवळायचा डाव." आठवीच्या सहामाहीत मला गणितात अडतीस मिळाले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "डाव कुठे टांगायचा? देवघरात की माजघरात?"

तर असा हा माणूस. तो एका जागेसाठी साडेचार हजार मैल उडून आला होता. आणि मी काय केलं? मी एक्सेल उघडलं.

बायकोने व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला आणि प्रत्येकाला आपली इच्छा लिहायला सांगितलं. लोकशाहीचे हे प्रयोग घरात करू नयेत असं माझं मत आहे, पण ते नोंदवायला ग्रुपमध्ये जागा नव्हती.

बाबांची यादी पहिली आली. टंकलेली नव्हती, वहीच्या पानाचा फोटो होता. सीनेट हाउस, जिथे निकाल वाचून दाखवत. सेंट जॉन्स, परांजप्यांचं कॉलेज. ट्रिनिटी, कारण न्यूटन, रामानुजन आणि ओघाने नेहरू. जीझस, कारण रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख तिथले, शिवाय रायगड जिल्ह्यातले. फिट्झविल्यम, कारण जयंत नारळीकर. यांच्या नावापुढे कंसात लिहिलं होतं : 'घाटावरचे, पण चालेल.'

बायकोने त्याखाली एकच ओळ लिहिली : न्यूनम कॉलेज. "ते कोणाचं?" बाबांनी विचारलं. तिने संध्याकाळी भाजी निवडताना सांगितलं. १८९० मध्ये न्यूनमच्या फिलिपा फॉसेट नावाच्या मुलीने त्याच गणिताच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलापेक्षा जास्त गुण मिळवले. पण बायकांना तिथे क्रमांक देत नसत, म्हणून तिचं नाव 'सीनियर रँग्लरच्या वर' असं वाचून दाखवलं. आणि पदवी? केंब्रिजने बायकांना बरोबरीने पदव्या द्यायला १९४८ साल उजाडलं. बाबा बराच वेळ शेंगेच्या शिरा काढत बसले. मग म्हणाले, "चौतीस वर्षांत मला हे कोणी सांगितलं नाही." रात्री त्यांनी यादीत स्वतःच्या हाताने न्यूनम वर घेतलं, जीझसच्या आधी.

मुलगी पंधरा वर्षांची. तिने लिहिलं : पंटिंग, बन्स, फोटो. आणि खाली पुरवणी प्रश्न, "आजोबा, रँग्लर म्हणजे जीन्स ना?" बाबा दोन दिवस तिच्याशी इंग्रजीत बोलत होते.

माझी इच्छा मी जरा झाकून लिहिली : 'डीएनएच्या रचनेच्या शोधाशी संबंधित ऐतिहासिक वास्तू.' ही वास्तू म्हणजे ईगल नावाचा पब. १९५३ च्या फेब्रुवारीत ती रचना शोधणाऱ्या फ्रान्सिस क्रिकने तिथे जेवायला आलेल्या मंडळींना म्हणे सांगितलं की आम्हाला जीवनाचं रहस्य सापडलं. आईने फोटो मोठा करून बघितला. "तिथे आता काय मिळतं?" मी म्हणालो, जेवण मिळतं. "आणि?" माझी वास्तू तिथेच कोसळली.

आईची यादी आलीच नाही. तिने फक्त विचारलं, बसायला जागा असेल ना, आणि 'ते' कुठे कुठे आहे ते आधी बघून ठेव. अकरा आठवड्यांत त्या ग्रुपवर जेवढं लिहिलं गेलं, त्यातलं हे एकच वाक्य प्रत्यक्षात उपयोगी पडलं.

मग सल्लागार आले. ऑक्सफर्डला चार वर्षांपूर्वी राहायला गेलेला माझा मावसभाऊ आहे. मूळचा चिपळूणचा. त्याला फोन केला तर म्हणाला, "केंब्रिज? अरे, ते आमच्याकडून पळून गेलेल्यांनी काढलंय." खरं आहे ते. १२०९ मध्ये ऑक्सफर्डच्या गावकऱ्यांशी रक्तपात होण्याइतकं भांडण झालं, काही विद्वान जीव मुठीत धरून पळाले आणि केंब्रिजला जाऊन त्यांनी दुसरं दुकान मांडलं. पण ज्या माणसाला चिपळूणच्या पुरात स्वतःची स्कूटर कुठे वाहून गेली ते सांगता येत नाही, त्याने तेराव्या शतकातल्या फुटीबद्दल इतकं मनाला लावून घ्यावं? "एक दिवस कशाला फुकट घालवतोस, इकडे ये," तो म्हणाला. "आणि तिकडचे होडीसुद्धा उलट्या टोकावर उभं राहून चालवतात." पंट म्हणजे सपाट तळाची लांबट होडी. बांबूसारखी लांब काठी नदीच्या तळाला रोवायची आणि ढकलायची. केंब्रिजवाले मागच्या फळीवर उभे राहतात, ऑक्सफर्डवाले फळीचं टोक पुढे करून दुसऱ्या टोकाला उभे राहतात. उलटं कोण, यावर शंभर वर्षांत निकाल लागलेला नाही. मावसभावाने तो चार वर्षांत लावला होता.

पण खरा घोळ घातला तो आईच्या एका साध्या प्रश्नाने. "विद्यापीठ नक्की आहे कुठे? फाटक कुठलं?"

पुण्याला कसं, गणेशखिंडीत उतरलं की विद्यापीठ. फाटकावर पाटी, आत मुख्य इमारत, तिच्यापुढे उभं राहून फोटो काढला की विद्यापीठ बघून झालं. केंब्रिजला फाटक नाही. म्हणजे फाटकंच फाटकं आहेत. एकतीस कॉलेजं, प्रत्येक स्वतंत्र संस्थान, प्रत्येकाची भिंत वेगळी, वेळ वेगळी, तिकीट वेगळं. त्यांच्या मधल्या फटींमधून गाव वाहतं आणि या सगळ्याला मिळून विद्यापीठ म्हणायचं. मी हे आईला दोन दिवस समजावलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "म्हणजे सावंतवाडी, जंजिरा, जव्हार असं?" यापेक्षा नेमकं मला कुठल्याही माहितीपत्रकात सापडलेलं नाही.

संस्थानांची नावंही संस्थानिकांना शोभतील अशी. लिहायचं 'कायस', म्हणायचं 'कीज'. लिहायचं 'मॅग्डलीन', म्हणायचं 'मॉडलिन'. बाबांना हा सरळसरळ अप्रामाणिकपणा वाटला. जे लिहिलंय ते वाचायचं यावर ज्या माणसाची हयात गेली, त्याला ही सवलत मान्य होईना. "मग परीक्षेत उत्तर एक लिहून दुसरं म्हणायचं का?" ते शेवटपर्यंत मॅग्डालीनच म्हणत राहिले आणि मी रस्ता विचारताना त्यांच्या पुढे चालत राहिलो.

आता तारीख. मी मेमधला दुसरा शनिवार ठरवला, पुऱ्यांचं पीठ किती भिजवायचं इथपर्यंत बोलणी झाली, आणि मग लक्षात आलं की परीक्षेच्या दिवसांत बरीचशी कॉलेजं पाहुण्यांना दार उघडत नाहीत. बाबा खूश झाले. "बरोबर आहे. अभ्यासाच्या वेळी पाहुणे कशाला?" मी नाराज. जूनमध्ये ढकललं. तर जूनच्या मध्यावर 'मे वीक'. हो, मे वीक जूनमध्ये. पूर्वी तो मेमध्ये असायचा. परीक्षा संपल्याच्या आनंदात रात्रभर नाच-गाणी चालतात, त्याला 'मे बॉल' म्हणतात, तोही जूनमध्ये. कीजचं कायस करणाऱ्यांनी जूनचा मे केला तर नवल काय! बाबांनी मात्र आता डायरी मिटून ठेवली. "जिथे महिनेसुद्धा लिहितात एक आणि..." असं म्हणून ते फिरायला निघून गेले.

अखेर जूनचा शेवटचा शनिवार पक्का केला. परीक्षा संपलेल्या, नाच संपलेले, पोरं आपापल्या घरी. गाव रिकामं, आपण राजे. माझ्या नियोजनाचा हा कळस होता, आणि कळसावरच वीज पडते हे मला तेव्हा आठवलं नाही.

गाडी न्यायची की रेल्वे, यात एक आठवडा गेला. बायको गाडीच्या बाजूची. मी तिला सांगितलं की केंब्रिजच्या मधोमध फुकट पार्किंग इतिहासात एकदाच मिळालंय. १९५८ च्या जूनमध्ये काही इंजिनिअरिंगच्या पोरांनी रातोरात एक ऑस्टिन सेव्हन मोटार सीनेट हाउसच्या छपरावर नेऊन ठेवली. सकाळी गाव उठलं तर मोटार छतावर. वर चढवायला एक रात्र लागली, खाली आणायला अधिकाऱ्यांना दिवसच्या दिवस लागले आणि शेवटी ती तुकडे करून उतरवावी लागली. नारळीकर तेव्हा तिथे विद्यार्थी होते. हे ऐकल्यावर बाबा चपापले. "ते त्यात नव्हते ना?" गणितवाले नव्हते, म्हणालो. बाबांनी सुस्कारा सोडला. मग थोड्या वेळाने, "त्या पोरांचा नंबर कितवा आला असेल रे?"

रेल्वे ठरली. तर तिकिटं. आम्ही पाच जण : दोघं साठीपलीकडची, दोघं चाळिशीतली, एक पंधराची. तीन किंवा जास्त मोठी माणसं एकत्र निघाली तर तिसरा हिस्सा सूट. ज्येष्ठांच्या कार्डावर वेगळी सूट, कुटुंबाच्या कार्डावर वेगळी, पण एक घेतली की दुसरी लागत नाही. शिवाय कार्ड विकत घ्यायचं. "म्हणजे सूट मिळण्यासाठी आधी पैसे भरायचे?" बाबांचे डोळे चमकले. अकरा आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांना त्यांच्या विषयातलं काही मिळालं होतं. त्यांनी दोन चलांची समीकरणं मांडली, तीन पानं भरली, नातीला शेजारी बसवून पायऱ्या समजावल्या. उत्तर आलं : चार पौंड वाचतील, मात्र वर्षात आणखी दोनदा कुठेतरी जावं लागेल. आईने माळ्यावरची बॅग खाली काढायला सांगितली. मी साधी तिकिटं काढली.

एक्सेल आता सत्तेचाळीस ओळींचं झालं होतं. १०.४२ किंग्ज परेड हा रस्ता. १०.५५ किंग्ज कॉलेजचं चॅपेल. (हे चॅपेल १४४६ मध्ये सुरू झालं आणि १५१५ मध्ये उभं राहिलं, मधे राजघराण्याच्या लढायांत काम बंद. एकोणसत्तर वर्षं म्हटल्यावर बाबा म्हणाले, "मुंबई-गोवा महामार्ग सुरू करून पंधरा वर्षं तर झाली. बघू कोण जिंकतं.") ११.४० ग्रेट सेंट मेरीज चर्चचा मनोरा. १२३ पायऱ्या बघून आईच्या गुडघ्यांनी ही ओळ खोडली. २.४० पंटिंग. बायकोने सगळ्यांत खाली एक ओळ घातली, 'मजा', आणि वेळेचा रकाना रिकामा ठेवला. मी तिथे १५ मिनिटं भरली.

प्रत्येक ओळ बाबांकडून तपासून यायची, ते वेगळंच. मी हौसेने लिहिलं होतं : क्वीन्स कॉलेजचा गणिती पूल, न्यूटनने एकही खिळा-बोल्ट न वापरता बांधलेला, पोरांनी कुतूहलाने सुटा केला आणि मग कोणालाच जोडता येईना. सगळीकडे हीच गोष्ट सांगतात. सकाळी कागद परत आला. लाल शाईत : 'न्यूटन मृत्यू १७२७. पूल १७४९. भुताने बांधला काय?' आणि शेजारी, दहापैकी चार गुण.

शनिवार उजाडला. आईने पहाटे उठून तिखटामिठाच्या पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, कैरीचं लोणचं आणि 'लागलं तर असू दे' म्हणून दडपे पोहे केले होते. केंब्रिजचं स्टेशन गावापासून चांगलं वीस-पंचवीस मिनिटं चालण्याच्या अंतरावर आहे. बसची ओळ माझ्या तक्त्यात होती. पण ऊन पडलं होतं, आई म्हणाली चालू या, आणि पार्कर्स पीस नावाचं मोठं मैदान लागल्याबरोबर ती तिथल्या बाकावर बसली. "बसायला जागा छान आहे," ती म्हणाली आणि डबा उघडला. वाजले होते १०.२०. तक्त्यात जेवण १.१५ ला. पुऱ्यांचा वास सुटल्यावर तक्ता घेऊन उभं राहणाऱ्या माणसाकडे कोणी बघत नाही.

किंग्ज परेडला पोचलो तर दर दहा पावलांवर एक तरुण. "पंटिंग, सर?" बाबा प्रत्येकाला थांबून, नमस्कार करून, आमचं २.४० चं आरक्षण आहे असं सविस्तर सांगत होते. चौथ्याला त्यांनी गणिती पुलाचं खरं साल सांगितलं. कोपऱ्यावर कॉर्पस कॉलेजचं सोन्याचा मुलामा दिलेलं घड्याळ आहे. वर एक अक्राळविक्राळ टोळ बसलाय आणि तो तोंड उघडझाप करत सेकंद खातो. २००८ मध्ये स्टीफन हॉकिंगच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. या घड्याळाला काटे नाहीत, ते मधेच अडखळतं, मधेच धावतं, आणि मुद्दामच असं केलंय की पाच मिनिटांतून एकदाच बरोबर वेळ दाखवतं. आई त्याच्यासमोर खिळून उभी राहिली. "अगदी आपल्या माजघरातलं!" मी तक्ता पाहिला. आम्ही एकवीस मिनिटं मागे होतो. टोळाने अजून एक खाल्लं.

मग ट्रिनिटी. तिथल्या महाद्वारावर आठवा हेन्री बसलाय. हातात राजदंडाऐवजी खुर्चीचा पाय. पोरांनी कधीतरी बदलला आणि तो तसाच राहिला. मुलीने त्याचे चाळीस फोटो काढले. दाराच्या उजव्या हाताला, गवताच्या तुकड्यावर न्यूटनचं सफरचंदाचं झाड. न्यूटनच्या खोल्या तिथेच मागे होत्या.

"हेच ते?" आईने विचारलं.

"ते लिंकनशरमध्ये, त्याच्या गावी. हे त्याच्या वंशातलं, १९५४ मध्ये लावलेलं."

"म्हणजे कलम," आई म्हणाली. आमच्या दारात हापूसची अकरा कलमं आहेत, तिला पुढचं सांगावं लागलं नाही. तिने झाडाकडे धंदेवाईक नजरेने बघितलं. "फळ कसं आहे?"

"आंबट. शिजवून खायचं."

"मग डोक्यात पडलं तेच बरं झालं."

ती जवळ जाऊन खुंटी बघणार होती, पण पाटी होती : गवतावर चालू नये. कॉलेजांच्या आतल्या हिरवळीवर तर फक्त फेलो म्हणजे कॉलेजच्या वरिष्ठ सदस्य मंडळींनी पाय ठेवायचा असा रिवाज. "एवढं गवत, आणि गाई कुठेत?" आहेत, म्हटलं, गावातल्या कुरणांवर चरतात. "त्यांना चालतं," आई म्हणाली आणि फुटपाथवरूनच कलमाला हात जोडले.

यानंतर बाबांचं सेंट जॉन्स आणि चॅपेल असा क्रम होता. पहिल्या दारात काळ्या गोल टोपीतल्या पोर्टरने, म्हणजे दरवानाने, अतिशय नम्रपणे सांगितलं की आज कॉलेज पाहुण्यांना बंद आहे. दुसऱ्या दारात पाटीच होती. तिसऱ्या दारात मी तक्ता पुढे केला. काय वाटलं कोण जाणे, पण केला. त्या भल्या माणसाने चष्मा लावून तो खरंच वाचला. "व्हेरी थरो, सर," तो म्हणाला. "पण आज पदवीदान आहे."

जूनचा शेवटचा शनिवार. परीक्षा संपल्या, नाच संपले, आणि त्यानंतर काय होणार याचा विचार सत्तेचाळीस ओळींत कुठेही नव्हता. एका गणित मास्तराच्या मुलाला परीक्षेनंतर निकाल असतो हे सुचलं नव्हतं.

रस्त्याच्या कडेला तहकुबी बैठक झाली. बायको आणि मुलगी बन खाऊन पंटिंगला जाणार. आई समोरच्या बाजारचौकात 'जरा बघून' येणार. मी बाबांजवळ थांबणार. कारण बाबा केव्हाच रस्ता ओलांडून सीनेट हाउसच्या कठड्यापाशी जाऊन उभे होते.

पांढऱ्या दगडाची, खांबांची ती इमारत काळ्या लोखंडी कठड्यामागे शांत होती. आणि किंग्ज परेडवरून एका कॉलेजची मिरवणूक येत होती. काळे गाउन, पाठीवर पांढऱ्या फरच्या अस्तराचे हूड, गळ्यात पांढरे बो, दोन-दोनच्या रांगा. वाहनं थांबलेली. आत काय होतं ते मला माझ्या फुकट गेलेल्या अभ्यासामुळे माहीत होतं. चार-चार जण पुढे जातात, आपल्या कॉलेजच्या अधिकाऱ्याच्या उजव्या हाताचं एकेक बोट धरतात, मग एकेक जण कुलगुरूंसमोर गुडघे टेकून बसतो, हात जोडून त्यांच्या हातांत देतो, आणि ते लॅटिनमध्ये पदवी देतात. बाबांना मी हे सांगितलं. "बोट धरून?" त्यांनी पुन्हा विचारलं. "बोट धरून नेतात?"

"हो."

ते कठड्याकडे वळले.

बाजूच्या बोळातल्या दारातून पदवी घेतलेले बाहेर पडत होते. आईबाप, आज्या, टोप्या घातलेल्या काकवा, फुलं, रडणं, फोटो. आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला बाबा टाळ्या वाजवत होते. जिऱ्याच्या पुडीएवढ्या मुलीला, ताडमाड मुलाला, एका चाकाच्या खुर्चीतल्या बाईंना. सगळ्यांना सारख्या. एका मुलाचा हूड उलटा झाला होता, तर त्याला हाताने खुणावून सांगितलं. मी १२.३० ला म्हणालो, जायचं का? १.१५ ला म्हणालो. मग विचारायचं सोडलं आणि तक्त्याची घडी घालून त्यावर बसलो.

दोनच्या सुमारास आई बाजारातून आली. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक. "तुझ्या नॉनस्टिकला स्टीलचे चमचे लावून लावून खरवडून ठेवलंयस," ती म्हणाली. "म्हटलं हा घ्यावा. दांडा बघ किती लांब आहे, हात भाजणार नाही." आणि तिने तो माझ्या हातात दिला. लाकडी. चांगला हातभर.

बाबांनी मागे वळून पाहिलं. आधी डावाकडे, मग माझ्याकडे, मग माझ्याखालच्या तक्त्याकडे. चौतीस वर्षं वर्गात न हसलेला तो माणूस सीनेट हाउसच्या कठड्याला धरून इतका हसला की दोन गाउनवाले थांबून बघायला लागले. "१९०९ नंतर," ते श्वास घेत म्हणाले, "१९०९ नंतर हा पहिलाच!"

शेजारी एक इंग्रज बाई उभ्या होत्या. डोक्यावर मोठी निळी टोपी, हातात फुलांचा गुच्छ, डोळे अजून ओले. तासभर त्या या टाळ्या वाजवणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघत असाव्यात. त्या हसून बाबांकडे वळल्या आणि म्हणाल्या, यातला तुमचा कोणता?

बाबांनी माकडटोपी काढली. जूनमध्येही होती ती, खिशात. आत्ता घातलीच कधी होती, मला कळलं नाही.

"नो, नो," ते म्हणाले. "अवर बॉय पास्ड इन एटीन नाइन्टी नाइन."

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग गुच्छ डाव्या हातात घेऊन उजवा हात पुढे केला आणि त्यांचं मनापासून अभिनंदन केलं.